इतिवृत्त वाचून कायम

आमच्या मंडळाची इतिवृत्ताची वही माझ्याकडे असते. लाल कापडी पाठीची, लांबट, शाळेच्या हजेरीपटासारखी. तिच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात एक ओळ आहे : ‘सचिवांनी रॉकेट केंद्राकडून आलेले उत्तेजनपर पत्र सभेस वाचून दाखविले.’ केंद्र खरं होतं, पत्रही खरं होतं, मी ते हातात धरून सभेत उभा राहिलो हेही खरं. उत्तेजन तेवढं मी घातलं. त्या एका शब्दावर विसंबून माझ्या मित्रानं चालून आलेली नोकरी सोडली. मी त्याला थांबवू शकत होतो. वेळ होता, आणि त्यानं विचारलंही होतं.

तेव्हा मी एकतिशीत होतो. पौडच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. आपला पहिला उपग्रह वर जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. माझं लग्न झालेलं होतं, नोकरी कायम होती, आणि तरी मला स्वस्थ बसवत नसे. जेवताना मध्येच उठून दारात जाऊन यायचो. बायको म्हणायची, “कुणाची वाट बघताय? एसटी मघाशीच गेली.”

वाट मी एका पत्राची बघत होतो, आणि ते येऊन गेल्यावरही बघत राहिलो. दक्षिणेत समुद्राकाठी रॉकेटं सोडायचं केंद्र होतं. तिथं तांत्रिक सहायकांच्या जागा निघाल्या तेव्हा मी अर्ज केला होता. मुंबईला जाऊन मुलाखत दिली, घरी सांगितलं शिक्षकांचं शिबिर होतं. उत्तर इंग्रजीत आलं. जाड कागद, वर छापील मथळा, खाली निळा शिक्का. आपली निवड होऊ शकली नाही, कळावे. मी ते फाडलं नाही. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. शर्ट बदलला की पत्र त्या शर्टातून या शर्टात यायचं. का, ते मला सांगता येणार नाही.

पावसाळा सरता सरता एका दुपारी आबा शाळेत आले. आबा म्हणजे गावातले मोठे शेतकरी, टेकडीपासून ओढ्यापर्यंत जमीन. त्यांनी खांद्यावर लांब काठी धरली होती आणि काठीच्या पार टोकाला, अंगापासून होईल तेवढं दूर, एक पांढरं खोकं लोंबत होतं.

“मास्तर, हे वरनं पडलंय खाचरात. बगा जितं हाय का मेलंय.”

मी खोक्यावर चिकटवलेली चिठ्ठी वाचली. शहरातल्या वेधशाळेनं हवामान मोजायला सोडलेल्या फुग्याचं ते खोकं होतं. ‘घातक नाही’ असं तीन भाषांत लिहिलेलं होतं. फुगा वर जाऊन फुटला होता आणि खोकं पॅराशूटनं खाली आलं होतं. जे यंत्र ढगांच्या कितीतरी वर जाऊन आलं होतं, ते माझ्या टेबलावर चिखल गाळत पडलं होतं.

टेलर तेव्हा शाळेत गणवेशांची मापं घ्यायला आलेला होता. बाजारपेठेत त्याचं दुकान, मागे घर, घरात बायको आणि तीन मुली. वयानं माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. गाव त्याला टेलर म्हणे, मी भाई म्हणायचो. तो मला मास्तर म्हणायचा आणि अरेतुरे करायचा. साऱ्या गावात मला अरेतुरे करणारा तो एकटाच होता, आणि ते मला फार आवडायचं.

त्यानं खोक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पॅराशूटचं लाल कापड हातात घेतलं, उलटं केलं, शिवण नखानं ओढून पाहिली.

“कुनी शिवलंय हे? कळ्या सरळ कापल्यात. घागऱ्याला कापत्यात तशा तिरक्या कापाया पायजे हुत्या. म्हनून फाटलंय हितं.”

“भाई, हे हजारो फूट वर जाऊन आलंय.”

“वर जाऊन आलं म्हनून काय झालं? शिवण ती शिवणच.”

चार दिवसांनी त्यानं परकराच्या उरलेल्या साटीनचं एक छोटं पॅराशूट शिवून आणलं. आम्ही ते शाळेच्या गच्चीवरून सोडलं, खाली शाईनं भरलेली उघडी दौत बांधून. ते डुलत डुलत मैदानात उतरलं. पोरं धावली. दौत उभी होती आणि शाईचा एक थेंबही सांडला नव्हता. टेलर कमरेवर हात ठेवून वर आभाळाकडे बघत म्हणाला, “आता गच्ची कमी पडती, मास्तर.”

मंडळाची कल्पना माझी. नाव ‘अवकाश संशोधन मंडळ’. स्वतःचे फुगे सोडायचे, वरची हवा मोजायची, पुढे रॉकेट. नोंदणी करायची तर सात जणांच्या सह्या लागतात. मी, टेलर, आबा, सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर आणि आणखी तिघे असे जमवले. एका रविवारी दुपारी सातवीच्या वर्गात सभा भरली. सगळे पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले.

मी उद्देश वाचले. माना डोलल्या. आबांनी फुगे सोडायला आपला माळ देऊ केला. कागद पुढे केला आणि सगळं थांबलं.

आबा म्हणाले, “मास्तर, राग मानू नका. माझ्या बापानं एका कागदावर अंगठा दिला हुता. दुसऱ्या सालाला घर, खाचर, देऊळ, समदं धरणाच्या पान्याखाली. मला सही येती, पर मी करत न्हाई. सरकारला म्हाईत हाय का तुमी हे आरंभलंय ते?”

बाकीच्यांनी पेनं खाली ठेवली. कंपाउंडर म्हणाला, “आबा म्हंत्यात ते बराबर हाय. उद्या आभाळात काय सोडलं आन् पोलीस आलं तर?” टेलर एकटा माझ्याकडे बघत होता. मला काहीतरी जमणार याची त्याला खात्री होती. त्या खात्रीसमोर रिकाम्या हातानं उभं राहायचं मला जमलं नाही.

मी खिशातून पत्र काढलं. घडी उलगडली. मथळा आणि शिक्का सगळ्यांना दिसेल असा कागद फिरवला, आणि म्हणालो, “सरकारला माहीत आहे. हे त्यांचं उत्तर.” मग मी ते मराठीत ‘वाचलं’. आपल्या उपक्रमाविषयी वाचून आनंद झाला. ग्रामीण भागातून असे प्रयत्न व्हावेत ही देशाची गरज आहे. मंडळाची रीतसर नोंदणी करावी. सुरुवातीला माझा आवाज कापत होता, मग कापेनासा झाला. मी नकाराच्या ओळींवर बोट फिरवत होतो आणि तोंडातून भलतंच बाहेर पडत होतं. शेवटी टेलरकडे लक्ष गेलं. त्याचा चेहरा इतका उजळला होता की त्याच्यासाठीही काहीतरी असायला हवं असं मला वाटलं. मी वाचलं : “पॅराशूट शिवणाऱ्या कुशल कारागिरांची केंद्राला गरज असते. आपल्याकडे असा कारागीर असल्यास त्याचा नमुना अवश्य पाठवावा.”

आबांनी कागद हातात घेतला. शिक्क्यावर अंगठा फिरवला. सही केली. त्यांच्यामागे सगळ्यांनी केली. टेलरला एकमतानं अध्यक्ष नेमलं, मी सचिव झालो. सभेचं इतिवृत्त मी त्याच संध्याकाळी लिहिलं. ‘उत्तेजनपर’ हा शब्द लिहिताना थांबलो होतो, हे मला स्पष्ट आठवतं. थांबलो, आणि लिहिला.

नोंदणीला पुण्यात धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत गेलो. कारकून सज्जन होता. अर्जावरून बोट फिरवत म्हणाला, “कार्यक्षेत्राचा रकाना मोकळा ठेवलात.”

“अवकाश,” मी म्हणालो.

“तसं चालत नाही. गाव, तालुका, जिल्हा, यातलं काहीतरी हवं.”

मी ‘मुळशी तालुका’ लिहिलं. तो म्हणाला, “आता बरोबर. वर कितीही जा, पण तालुका सोडू नका.” मी हसलो. परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो आणि पुणं मागे पडेपर्यंत ते हसू पार उतरून गेलं.

त्यानंतर दोन महिन्यांत टेलरला नोकरी चालून आली. पिंपरीच्या एका कारखान्यात त्याचा मेव्हणा होता. तिथं गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या खात्यात जागा होती. कायमची. वर्षाला कपडे, दवाखाना, म्हातारपणी पेन्शन. टेलरचा उजवा गुडघा पायमशीन मारून मारून तेव्हाच दुखायला लागला होता. तिथली मशीनं विजेवर चालायची. एक तारखेच्या आत हजर व्हायचं होतं.

मी पँटचं माप द्यायच्या निमित्तानं दुकानात गेलो. खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. त्यानं माझ्या छातीभोवती टेप गुंडाळली.

“पँटचं माप छातीवर कशाला, भाई?”

“शर्ट पन फाटलाय तुझा. गप हुबा ऱ्हा. आन् श्वास धरून ठिवू नको, माप चुकतं.”

तेवढ्यात मागच्या दारातला पडदा बाजूला करून त्याची बायको पुढे आली. माझ्याशी एरवी ती चहा देण्यापुरतंच बोलायची.

“मास्तर, तुमी शिकलेलं मानूस. तुमीच सांगा यानला. नोकरी धरावी का न्हाई?”

टेपचं टोक टेलरच्या बोटांत होतं आणि मी त्या टेपच्या आत उभा होतो. मी म्हणालो, “त्यांचं त्यांनी ठरवावं, वहिनी. मी काय सांगणार?”

ती माझ्याकडे बघत राहिली, मग आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला. माझ्या आयुष्यात मी खोटं पुष्कळ बोललो आहे. पण त्या दिवशी मी एक अक्षरही खोटं बोललो नव्हतो, आणि तेच मला सगळ्यांत जास्त लागतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं सायकलींवरून पिंपरीला निघालो. त्याला मेव्हण्याला तोंडी उत्तर द्यायचं होतं. “तू संगं चल, मास्तर. एकट्याला रस्ता लांब लागतो.” मी ठरवलं, वाटेत सांगायचं. घोटावडे गेलं, माण गेलं. प्रत्येक चढावर मनाशी म्हणायचो की वर पोचल्यावर सांगू, आणि वर पोचलं की उतार लागायचा. मारुंजीशी एका विहिरीपाशी आम्ही पाणी प्यायला थांबलो. भोवती ज्वारी उभी होती. त्यानं गुडघा चोळला, चेहरा पुसला आणि म्हणाला,

“ते पत्र हाय का जवळ?”

“आहे.”

“एकदा वाच पुन्यांदा. माझ्यापुरतं वाच.”

हीच ती वेळ होती. आम्ही दोघंच होतो. कागद माझ्या हातात होता आणि त्यावर खरं काय ते छापलेलं होतं. नुसतं तेवढं मराठीत सांगायचं होतं. आपली निवड होऊ शकली नाही. पाच शब्द. मी कागद उलगडला आणि पहिल्या सभेत वाचलं होतं तेच, एकही शब्द न चुकता, पुन्हा वाचलं. पाठ झालं होतं. पॅराशूटच्या वाक्याला त्यानं डोळे मिटले.

मग म्हणाला, “फ्याक्टरीत शिवलेलं रस्त्यावर पळंल, मास्तर. दहा वर्सं पळंल आन् भंगारात जाईल. हे वर जाईल.” त्यानं सायकल वळवली. पिंपरीला आम्ही गेलोच नाही. परतीच्या वाटेवर तो पुढे होता, दुखऱ्या गुडघ्यानं जोरात पायडल मारत, आणि चक्क शीळ घालत होता. मी मागून येत होतो.

मेव्हण्यानं ती जागा दुसऱ्या कुणाला तरी दिली.

टेलरनं नमुन्याचं पॅराशूट शिवायला दीड महिना घेतला. मुंबईहून पातळ नायलॉन मागवलं, सोळा कळ्या कापल्या, तीनदा उसवलं. लग्नसराईची कामं परत पाठवली. गिऱ्हाईकं कुरकुरली की म्हणायचा, “सरकारी काम हाय.” ते त्यानं पांढऱ्या मांजरपाटात शिवून बंद केलं, वर मी केंद्राचा पत्ता घातला. पोस्टमास्तर गावातला, पार्सल गेलं की नाही ते त्याला कळणार. म्हणून मी म्हणालो, “नोंदणीचा दाखला आणायला पुण्याला जायचंय, तिथूनच रजिस्टर करतो.”

पुण्याच्या पोस्टात मी पार्सल काखेत घेऊन रांगेत उभा राहिलो. पुढे चार माणसं होती, मग तीन, मग एक. आणि मी रांगेतून बाहेर पडलो. आज मला याचंच नवल वाटतं. ते पार्सल पाठवायला काहीच हरकत नव्हती. सोबत खरं पत्र लिहायचं की आमच्या खेड्यात एक असा कारागीर आहे, त्याचं काम पाहावं. कदाचित पाहिलंही असतं त्यांनी. पण तिथून पुन्हा ‘नाही’ आलं असतं तर ते मला सोसलं नसतं. म्हणजे त्याच्या कामावरचा निकाल मीच देऊन टाकला, माझ्या भीतीपायी. पार्सल मी शाळेच्या प्रयोगशाळेत, मोडक्या पृथ्वीगोलामागे कपाटात ठेवलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली.

मग सुरू झाला टपालाचा छळ. पोस्टमन बाजारपेठेत शिरला की टेलर मशीन थांबवायचा. रस्त्यापलीकडून मला हाक मारायचा, “काय रं मास्तर?” मी मान हलवायचो. “मोठं हापिस हाय,” तो म्हणायचा, “वेळ लागतोय.” माझी झोप गेली, पोट बिघडलं. कंपाउंडर मला पांढरं औषध द्यायचा आणि म्हणायचा, “मास्तर, तुमच्या पोटात रॉकेट हाय का काय?”

वर्ष झालं. पहिली वार्षिक सभा आली. विषयपत्रिकेत पहिला विषय कुठल्याही संस्थेत असतो तोच : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ते सचिवानं वाचायचं असतं. मी वाचलं. उत्तेजनपर पत्र. कुणाची हरकत? कुणाचीच नव्हती. अध्यक्ष म्हणून टेलरनं खाली सही केली. दर अक्षराला वेलांटीसारखा झोका देत, सावकाश, तो मराठीत सही करायचा. शाई वाळेपर्यंत मी वही मिटली नाही.

दुसऱ्या वर्षी, सभेच्या आठवडाभर आधी, तो शाळा सुटायच्या वेळी फाटकात उभा दिसला. इस्त्रीचा सदरा घातला होता.

“मास्तर, मी ठरवलंय. नाताळाच्या सुट्टीत मी अन् माझी बायको जातुया तिकडं.”

“कुठं?”

“कुटं म्हंजे? केंद्रावर. दोन वर्सं झाली. पत्राला उत्तर न्हाई म्हंजे ते कुटंतरी पडून ऱ्हायलंय. समोर गेलं की हुडकून दावत्यात. तिकिटं काढाया मेव्हण्याला सांगितलंय. तुझं पत्र तेवढं दे. फाटकावर दाखवाया लागंल.”

मला दिसलं ते सगळं : दोन दिवसांचा प्रवास, समुद्राकाठचं ते फाटक, पहारेकरी, आणि टेलर माझ्या नकाराचं पत्र त्याच्या हातात देतोय. शेजारी त्याची बायको.

मी म्हणालो, “उद्या देतो.” त्या दिवशी घरी न जाता मी नुसता चालत सुटलो. ओढ्यापर्यंत गेलो, परत आलो, एसटी स्टँडवर बसलो, उठलो. दुसऱ्या दिवशी शाळेत हजेरी घेताना दोनदा चुकलो. मधल्या सुट्टीत कपाट उघडलं, पार्सल काढलं आणि तसाच बाजारपेठेतून दुकानात गेलो.

त्यानं पार्सल ओळखलं. स्वतःच्या हातची शिवण होती ती. “परत आलं?” त्यानं विचारलं.

“गेलंच नव्हतं, भाई.” मग मी सगळं सांगितलं. पत्र काढून समोर ठेवलं, एकेक इंग्रजी शब्द बोटानं दाखवत त्याचा खरा अर्थ सांगितला. पडदा हलला नाही, पण पडद्यामागे त्याची बायको उभी होती हे खालून पायांवरून दिसत होतं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. कात्रीनं मांजरपाटाचे टाके उसवले, पॅराशूट बाहेर काढलं आणि लाकडी टेबलावर पसरलं. गळ्यातली टेप घेऊन एकेक कळी मापायला लागला. सोळाच्या सोळा. मी उभा. बाहेर एक गिऱ्हाईक आलं आणि आत बघून तसंच परत फिरलं. शेवटची कळी मापून त्यानं टेप गळ्यात टाकली.

“बराबर हाय,” तो म्हणाला. “समदं बराबर हाय.”

पडद्यामागचे पाय तेव्हा हलले.

मग त्यानं विचारलं, “सभा रविवारी हाय न्हवं?” आणि जरा थांबून म्हणाला, “तुमी जावा आता, सर. शाळा भरली असंल.”

तुमी. सर. मी तिथं आणखी थोडा वेळ उभा राहिलो. त्यानं मशीनवर पाय ठेवला.

रविवारी सातवीच्या वर्गात सगळे जमले. मी वही उघडली आणि मागील सभेचं इतिवृत्त वाचायला लागलो.

“थांबा,” टेलर म्हणाला. “हे कायम हुत न्हाई. सर, पत्र काढा. आज त्यात जे लिवलंय तेवढंच वाचा.”

मी वाचलं. अर्धं मिनिटही लागलं नाही. आबा समोरच्या बाकावर होते. त्यांनी विचारलं, “म्हंजे सरकारनं आमाला कायबी म्हटलं न्हवतं?”

“नाही, आबा.”

“मग आमी सह्या कशावर केल्या?”

“माझ्या शब्दावर.”

कंपाउंडर म्हणाला, “मला तवाच वाटलं हुतं. चार वळींचा कागुद, आन् ह्यांचं मराठी काय सरंना. म्या म्हटलं, इंग्रजी लई दाट असंल.” कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप झालं. आबा हसले नाहीत. ते उठून खिडकीशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. बापाच्या अंगठ्याचं त्यांनी मला विश्वासानं सांगितलं होतं, आणि मी त्यांच्यापुढे तसाच कागद धरला होता. हे मला त्या पाठीकडे बघताना पहिल्यांदा कळलं. तोवर मी फक्त टेलरचाच गुन्हेगार आहे असं समजत होतो.

मी सचिवपदाचा राजीनामा लिहून आणला होता. टेलरनं तो वाचला आणि परत दिला.

“न्हाई. सचिव ह्येच ऱ्हातील. आज झालं ते वहीत लिवा, ह्यांच्याच हातानं. आन् दर सालच्या सभेत आधी हे वाचायचं, मग बाकीचं. कुनाची हरकत?”

आबा खिडकीतूनच म्हणाले, “न्हाई.” मग वळून म्हणाले, “माळ फुग्याला दिला म्हटलं हुतं ते म्हटलंच. तुमच्या कागदासाठी न्हवता दिला. दौत सांडली न्हवती, म्हनून दिला.”

मी लिहिलं : ‘पत्र नकाराचे होते. सचिवांनी ते खोटे वाचले. त्यामुळे अध्यक्षांचे नुकसान झाले.’ टेलरनं खाली सही केली.

महिनाभरानं आबांच्या माळावरून आम्ही फुगे सोडले. जत्रेत येणाऱ्या फुगेवाल्याला त्याच्या टाकीसकट आणलं होतं. त्यानं मोठे मोठे फुगे फुगवून त्यांचा घोस बांधला. खाली सोळा कळ्यांचं पॅराशूट, त्याखाली पुठ्ठ्याचं खोकं, खोक्यात एक तापमापक आणि मंडळाचा पत्ता घातलेलं कोरं पोस्टकार्ड. घोस आबांच्या हातून सुटला. कंपाउंडर ओरडला, “तालुक्याच्या भाईर जाऊ नको रं!” वाऱ्यानं तो पूर्वेला नेला आणि काही वेळानं दिसेनासा झाला. टेलर त्यानंतरही बराच वेळ वर बघत होता. मी त्याच्यापासून चार हात लांब उभा होतो. तेवढंच अंतर आता ठीक होतं.

आठव्या दिवशी कार्ड आलं, तालुक्यातल्याच नांद्याहून. मी ते घेऊन दुकानात गेलो आणि दारातूनच वाचून दाखवलं : ‘तुमचे खोके आमच्या हरभऱ्याच्या शेतात पडले. आतली काचेची नळी शाबूत आहे. कापड फार चांगले शिवले आहे, कुठे उसवले नाही. घरात विचारतात, ठेवून घेतले तर चालेल का.’

टेलरनं मशीन थांबवलं. उजवा पाय हातानं धरून खाली ठेवला, उठला, कार्ड माझ्या हातातून घेतलं. चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत त्यानं ते स्वतः वाचलं. मग उलटं करून पोस्टाचा शिक्काही बघितला.

“बराबर वाचलं, सर,” तो म्हणाला, आणि कार्ड खिशात ठेवून पुन्हा मशीनवर बसला.